गडावरचे परस आणि भाजीचा देठ

गडावर गेलेला माणूस तट पाहतो, बुरूज पाहतो, टाक्यातले पाणी पाहतो. अंबरखाना कोठे आणि दारूकोठार कोठे, हे हटकून विचारतो. त्याच गडावर कोणाच्या तरी घरामागे वांग्याची चार रोपे उभी असतील आणि सकाळच्या केराची राख त्यांच्या बुंध्याशी पडत असेल, हे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक ते मनात यावे असा लेखी पुरावा उपलब्ध आहे, आणि तो एखाद्या कोपऱ्यातल्या दप्तरात दडलेला नसून मराठ्यांच्या राजनीतीवरील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथात आहे.

रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ सिद्ध केले ते इ.स. १७१५ च्या सुमारास. शिवछत्रपतींपासून कोल्हापूरच्या संभाजी महाराजांपर्यंत पाच छत्रपतींचा काळ या माणसाने पाहिला होता. किल्ल्यांचे वेढे, फितुरी, उपासमार हे सर्व त्यांच्या डोळ्यांदेखत घडलेले. त्यामुळे दुर्गप्रकरणात ते जे सांगतात त्याला पुस्तकी वास नाही. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, एका झऱ्यावर विसंबून राहू नये, जोडटाकी बांधावीत, अशा सूचना ओघाने येतात. त्याच ओघात केरकचऱ्याचा विषय निघतो. वाटा, बाजार, तट यांवर कसपट पडू देऊ नये. केर गडाखाली लोटू नये, जागच्या जागी जाळावा. आणि ती राख परसात टाकून घरोघरी होईल तेवढा भाजीपाला करवावा, असा त्या सूचनेचा आशय आहे.

किल्लेदाराला दिलेल्या आज्ञेत परसातली भाजी यावी, याचे आधुनिक वाचकाला नवल वाटते. अमात्यांना ते वाटलेले दिसत नाही. तोफ, दारू, पाणी आणि पालेभाजी एकाच हिशेबात बसतात, असा त्यांचा रोख आहे.

तो हिशेब समजून घ्यायला हवा. वेढा पडला की गडाला पुरते ते साठवलेले. धान्य साठते, मीठ साठते, तेल-तूप साठते. हिरवा पाला साठत नाही. गवारीच्या शेंगा वाळवता येतात, सांडगे घालता येतात, परंतु माठ, चाकवत, तांदुळजा, अळू यांचे आयुष्य दोन दिवसांचे. पन्हाळ्याला १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला तो महिनोन्महिने चालला, आणि जिंजीसारखा वेढा तर आठ वर्षे रेंगाळला. अशा वेळी बाजारहाट करायला गडाखाली कोण उतरणार? वेढा नसला तरी सह्याद्रीतला पावसाळा हा एक वेढाच असतो. चार महिने वाटा निसरड्या, ओढे भरलेले, डोक्यावर पाटी घेऊन चढणारी माळीण येणार कशी? तेव्हा भाजी गडावरच पिकली पाहिजे, हे उघड होते.

राखेची योजनाही जाणत्या शेतकऱ्याची आहे. लाकूड-पाल्याच्या राखेत पालाश असते, चुन्याचा अंश असतो. पानांवर राख भुरभुरली की मावा आणि अळ्या आटोक्यात राहतात, हे गावोगावच्या बायकांना ठाऊक होते व आजही ठाऊक आहे. गडावरची माती बहुधा उथळ आणि पावसाने धुतलेली, त्यामुळे तिला काही ना काही घालत राहणे भागच होते. एकाच कृतीत वाटा साफ झाल्या, रोगराईला आळा बसला आणि वाफ्याला खत मिळाले. अमात्यांनी यासाठी वेगळा शब्द योजला नाही, ही गोष्ट बरीच झाली.

गडावर परस कोठून आले? गडावरून खालच्या गावाकडेच पाहायला हवे, कारण गडावरची शिबंदी त्या गावांतूनच आलेली होती.

मराठी घराचे परस म्हणजे मागची बाजू. पुढे अंगण, त्यात तुळस. पुढचे दार पाहुण्याचे, मागचे दार घरातल्या माणसांचे. न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी मोरीतून मागे जाई. ते जिथे मुरे तिथे अळू आणि केळ. कुडावर दोडका, कारले, वाल, मांडवावर पडवळ, दुधी भोपळा, आळ्यात वांगी, कोपऱ्यात शेवगा, कढीलिंब. पलीकडे उकिरडा. मळा आणि परस या दोन वेगळ्या गोष्टी होत. मळ्याला विहीर लागे, मोट लागे, बैलजोडी लागे, पाट-दंड लागत. मळ्याची भाजी बाजारात जाई. परसाला घरातले सांडपाणी पुरे, आणि परसाची भाजी तव्यावर किंवा शेजारणीच्या पदरात जाई. मळ्याचा कारभार पुरुषाकडे, परसाचा बाईकडे. कोणते बी राखायचे, कोणता दुधी वेलावर सुकू द्यायचा, राखेत घोळवलेले बियाणे कोणत्या मडक्यात आहे, हे तिलाच ठाऊक. वतनाच्या कागदांत तिचे नाव क्वचितच येते, पण गावातले भाज्यांचे वाण पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते या मडक्यांमुळे.

आणि या परसात पाय फुटलेले एक पीक हिंडत असे. ते म्हणजे कोंबडी.

कोंबडीचा इतिहास मराठी मुलखाशी अनपेक्षितपणे जोडलेला आहे. जगातल्या पाळीव कोंबड्यांचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा, असे चार्ल्स डार्विनने मांडले आणि ते पुष्कळ अंशी खरे ठरले. परंतु पाळीव कोंबड्यांच्या अनेक जातींची कातडी आणि पाय पिवळे असतात, आणि तांबड्या रानकोंबड्यात ती पिवळाई नाही. २००८ मध्ये जनुकांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना असे आढळले की ही पिवळाई करड्या रानकोंबड्याकडून आली. करडा रानकोंबडा हा दक्षिण आणि पश्चिम भारताचा पक्षी. कोकणातून घाट चढताना पहाटे झाडीतून जो तुटक आरव ऐकू येतो, तो त्याचाच. तेव्हा जगाच्या दुसऱ्या टोकाला पिवळ्या पायांची कोंबडी अंगणात दाणे टिपत असेल, तर तिच्या रक्तात दख्खनी रानाचा थोडा अंश आहे.

कोंबडी पाळण्याची चालही जुनीच. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ज्या प्राण्यांना अभय दिले आहे त्यांच्याबरोबर कोंबड्याची खच्ची करू नये, अशी आज्ञा आहे. खच्चीकरण ही खाण्यासाठी कोंबडा पुष्ट करण्याची रीत, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हा व्यवसाय राजाने दखल घ्यावी इतका रूढ होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना जे वर्ज्य सांगितले आहे, त्यात लसूण, कांदा आणि गावकोंबडा हे एकाच श्लोकात येतात. धर्मशास्त्राची ही यादी उलटी धरून वाचली तर सामान्य कष्टकऱ्याच्या परसाचे वर्णन हाती येते. ज्याच्या घरामागे कांदा-लसूण आणि कोंबडी, तो श्रेणीत खाली, असा हा निवाडा होता. कुणबी, कोळी, महार, रामोशी, ठाकर, कातकरी यांच्या दारात खुराडे असे, ब्राह्मणाच्या दारात नसे. गावाची पांढर याने दोन भागांत विभागली जाई, आणि दुसऱ्या भागातल्या माणसाला ते पावलोपावली जाणवून दिले जाई.

परंतु ज्याच्या दारात खुराडे होते त्याच्यासाठी कोंबडी ही सर्वांत स्वस्त शिल्लक होती. गायीला वैरण लागते, शेळीला राखण लागते. कोंबडी खळ्यावरचे सांडलेले दाणे, उकिरड्यातले किडे, जात्याखालचा कोंडा यांवर जगते. खुडूक झालेल्या कोंबडीखाली अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी पिले. मुंगूस, घार, बोका, कोल्हा यांनी त्यातली निम्मी नेली तरी तलंगा उरतात. पाहुणा आला, जत्रा आली, गावदेवीचा नवस फेडायचा झाला, घरात बाळंतीण आली, सावकाराचा माणूस दारात बसला, की डालग्याखालून एक कोंबडी निघते. एकदम मोडता येईल अशी दुसरी कोणतीही मालमत्ता गरीब कुणब्याकडे नव्हती. बैल विकणे म्हणजे पुढचे वर्ष विकणे.

इथेच परसाची सर्वांत मोठी अडचण आहे. जी वस्तू धन्याला सहज मोडता येते, ती दुसऱ्यालाही सहज उचलता येते.

खळ्यावरची रास चार माणसांसमोर मोजली जाते. पाटील असतो, कुलकर्णी लिहीत असतो. धान्य पेवात जाते, पेवाचे तोंड लिंपले जाते. कोंबडीला आणि भोपळ्याला असे काही नाही. वाटेने जाणारा स्वार, हुजऱ्या, जासूद, महालाचा कारकून, यांतला कोणीही कुडावरून हात घालू शकतो. गेलेल्या भोपळ्याची फिर्याद कोणी सरकारात नेत नाही. नेली तर नेणाराच हास्यास्पद ठरतो. लूट म्हटली की जळालेली गावे डोळ्यांपुढे येतात. परंतु रयत उठून जाते ती बहुतेक वेळा या रोजच्या, न मोजल्या जाणाऱ्या उचलेगिरीने.

शिवछत्रपतींना हे नेमके कळलेले होते, आणि त्याची साक्ष दोन पत्रांत आहे. या दोन पत्रांची लोकांच्या बोलण्यात नेहमी गल्लत होते, म्हणून ती वेगळी करून पाहणे इष्ट.

पहिले पत्र राज्याभिषेकाच्या थोडे आधीचे, चिपळूणजवळ हलवर्ण येथे छावणीला राहिलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना लिहिलेले. पावसाळा तोंडावर आहे. दाणावैरणीचा साठा केलेला आहे. तो बेताने वापरला नाही तर ऐन पावसाळ्यात संपेल, घोडी मरतील आणि मग तुम्ही रयतेला त्रास द्यायला लागाल, असे महाराज बजावतात. मग त्रासाची फोड येते. कोणी कुणब्याचे धान्य आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजीपाला. असे झाले म्हणजे कसाबसा जीव धरून राहिलेला कुणबीही निघून जाईल, कित्येक उपाशी मरतील आणि त्यांना तुम्ही मोगलांहूनही वाईट वाटाल. उपाय काय? ज्याला जे हवे ते त्याने बाजारातून रोख विकत आणावे. भाजीपालासुद्धा.

याच पत्रात पुढे गवताच्या गंजींजवळ आगट्या पेटवण्याविषयी आणि दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेण्याविषयी ताकीद आहे. उंदरापर्यंत ज्याची नजर पोहोचते तो भाजीपाल्याला विसरेल, हे संभवत नाही.

‘भाजीचा देठ’ मात्र या पत्रातला नाही. तो आहे ५ सप्टेंबर १६७६ च्या पत्रात, आणि ते पत्र सैनिकांना नसून प्रभानवल्लीचा सुभेदार रामाजी अनंत याला आहे. प्रभानवल्ली म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातला लांजा परिसर. चोरी न करण्याची, इमानाने चाकरी करण्याची शपथ तू घेतली आहेस. त्याप्रमाणे एका भाजीच्या देठाचाही मोह न धरता नीट वाग, असे महाराज त्याला सांगतात. हा फरक लहान नाही. हपापलेला स्वार कुडावरून भोपळा ओढतो, तो दांडगाई करतो. सुभेदाराच्या घरी भाजी आपोआप चालत येते. कोणी तरी भीतीने आणून देते, कोणी काम अडले म्हणून आणून देते, आणि तिला भेट म्हणतात. महाराजांनी देठ म्हटले, भाजी म्हटले नाही. खाण्याजोगा भाग सोडाच, टाकून द्यायचा भागही मनात आणू नकोस, असा त्याचा अर्थ होतो.

त्या पत्राचा पुढचा भाग फारसा उद्धृत होत नाही, आणि खरे वजन तर त्यात आहे. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, ज्याच्याकडे बैल-नांगर नाही त्याला पैसे दे, ज्याच्या पोटाला नाही त्याला धान्य दे, वाढीदिढी न घेता फक्त मुद्दल त्याला ताकद येईल तसतसे वसूल कर. या कामी दोन लाख लारी खर्च झाली तरी चालेल, असे महाराज लिहितात. लारी हे कोकणपट्टीत चालणारे चांदीच्या तारेचे नाणे. एकीकडे दोन लाख लारींची मोकळीक, दुसरीकडे भाजीच्या देठाची बंदी, आणि दोन्ही एकाच पत्रात.

पत्रे होती म्हणून उचलेगिरी थांबली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. बंदी घालावी लागते ती चालू असलेल्या गोष्टीला. शिवाय बळाने घेणे आणि हक्काने घेणे यांतली रेषा त्या समाजात पुसटच होती. पाटलाच्या वतनी हक्कांत तेल्याचे तेल, तांबोळ्याची पाने, चांभाराचा जोडा यांबरोबर माळ्याची भाजी असे. बाजाराच्या दिवशी प्रत्येक पाटीतून मूठभर माल उचलायचा, त्याला फसकी म्हणत. कोकणात खोत कुळाकडून आठ दिवसांतला एक दिवस फुकट राबवून घेई; ती आठवेठ. तो दिवस ऐन लावणीचा असला तरी सुटका नसे. खोताच्या आगराला पाणी पडे आणि कुळाच्या परसातली रोपे माना टाकत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोतीविरुद्ध विधेयक मांडले, आणि खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. रामाजी अनंताला पत्र लिहिले गेले त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी, आणि प्रभानवल्लीच्याच मुलखात.

इंग्रजी अंमलात हात बदलले, कुड तेच राहिले. दौऱ्यावरच्या साहेबाचा तळ पडला की रसद पुरवणे गावाचे काम. डाकबंगल्यावर पाहुणा उतरला की खानसामा मागच्या अंगणात धावत जाई आणि काही मिनिटांत कोंबडी ताटात येई. अँग्लो-इंडियन बोलीत या पदार्थाला ‘आकस्मिक मृत्यू’ अशा अर्थाचे नावच पडले होते, आणि हॉब्सन-जॉब्सन कोशात त्याची नोंद आहे. विनोद साहेबाचा, कोंबडी कोणाची हे कोशात दिलेले नाही.

दरम्यान परसातली झाडे बदलत होती, आणि त्या बदलाची एक गमतीची खूण संतसाहित्यात सापडते. अरणचे सावता महाराज हे तेराव्या शतकातले माळी. पंढरपूर जवळ असूनही मळा सोडून जाण्याची गरज त्यांना वाटली नाही. भाजीच्या वाफ्यातच त्यांनी विठ्ठल पाहिला. त्यांच्या नावावरच्या अतिशय लोकप्रिय अभंगात भाज्यांबरोबर मिरचीचा उल्लेख येतो. मिरची मूळची अमेरिकेतली. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी ती भारतात असणे शक्य नाही; ती आली पोर्तुगिजांबरोबर, सोळाव्या शतकात. मग तेराव्या शतकातल्या अभंगात ती कशी? ‘मिरची’ हा शब्द संस्कृत ‘मरिच’ म्हणजे मिरी याच्याशी जोडलेला आहे, तेव्हा मुळात मिरी अभिप्रेत असेल, असे म्हणता येईल. परंतु मिरीचा वेल सोलापूरच्या कोरड्या मळ्यात वाढत नाही. अधिक संभवनीय हे, की गाणाऱ्या पिढ्यांनी आपल्या परसात उगवलेली वस्तू नकळत अभंगात लावली. मौखिक परंपरेत असे घडते, आणि त्याने अभंगाची थोरवी उणावत नाही. उलट अवघ्या दोन-तीन शतकांत मिरची किती घरची झाली, हे कळते.

बटाटा आपले पोर्तुगीज नाव घेऊन आला. टोमॅटोला मराठी बायकांनी वेलवांगी म्हटले, भेदरे म्हटले, म्हणजे ओळखीच्या घरात नवी सून घ्यावी तसे घेतले. रताळे, पेरू, पपई, तांबडा भोपळा हेही बाहेरचेच. उपासाला चालणाऱ्या जिन्नसांत यांतले कितीतरी आहेत, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे.

बाजारपेठ मोठी झाली तसा परसाचा आणि मळ्याचा माल शहराकडे जाऊ लागला, आणि कुडावरून येणारा हात आता नाक्यावर येऊन बसला. जोतीराव फुल्यांना हे घरचे होते. फुले हे आडनावच त्यांच्या घराण्याच्या फुलांच्या व्यवसायावरून पडलेले. ‘शेतकऱ्याचा आसूड’मध्ये ते शहरात माळवे घेऊन आलेल्या शेतकऱ्याची गत सांगतात. म्युनिसिपालिटीची जकात, दलाली, गाडीभाडे यांत गाडीभर भाजीचे मोल संपते, आणि तो रिकाम्या हाताने मुलांसमोर जातो.

त्याच सुमारास पुण्यात नवी मंडई उभारण्याचा घाट घातला गेला. भाजीबाजार तोवर शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरत असे. जोतीराव तेव्हा नगरपालिकेचे सभासद होते. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे म्हणून त्यांनी या खर्चाला विरोध केला. विरोध टिकला नाही. १८८६ मध्ये इमारत खुली झाली, तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. आज पुण्याच्या आसपासच्या गावांतून आलेली मेथी आणि चाकवत त्याच दगडी छपराखाली विकली जाते, आणि तिला महात्मा फुले मंडई म्हणतात.